दिवे मंद का झाले?

फेब्रुवारी महिन्याच्या सुरुवातीची गोष्ट. परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरला होता. उरूस पाहून आम्ही रात्री जिंतूरकडे निघालो. माझा मावसभाऊ जीप चालवत होता. मागे पाच मुले दाटीवाटीने बसली होती. निघताना जीपचे दिवे बरे होते. झरी गाव मागे पडले आणि दिव्यांचा प्रकाश पिवळा होऊ लागला. हॉर्न वाजवला, तर त्याचा आवाजही बसलेल्या घशासारखा निघाला. इतक्यात अगदी समोर कडब्याने भरलेली बैलगाडी दिसली. भावाने जोरात ब्रेक दाबला. जीप बैलगाडीपासून दोन हातांवर थांबली.

कोणालाही लागले नाही. पण बराच वेळ कोणी बोललेही नाही. पुढे जाण्याचा धोका आम्ही घेतला नाही. मुलांना मागून आलेल्या एसटीत बसवून दिले आणि रात्र जीपमध्येच काढली. सकाळी धक्का देऊन जीप चालू केली आणि थेट मिस्त्रींचे दुकान गाठले. सगळे त्यांना 'मामू' म्हणतात.

मामूंनी लगेच पान्याला हात लावला नाही. आधी विचारले, "पट्ट्याचा आवाज किती दिवसांपासून येतो?"

"पंधरा दिवस झाले, मामू," भाऊ म्हणाला.

"आणि समोरचा हा लाल दिवा?"

"तोही लागतो. मला वाटले, दिवाच बिघडला असेल."

मामू म्हणाले, "गाडी पंधरा दिवस तुम्हाला हाका मारत होती. तुम्ही ऐकले नाही."

मुलांनो, मामूंचे म्हणणे समजण्यासाठी गाडीतील विजेची व्यवस्था माहीत हवी. मोटारीत विजेची दोन ठिकाणे असतात. एक बॅटरी आणि दुसरे अल्टरनेटर. शिसे व आम्ल, म्हणजे तेजाब, यांची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. मोटारीच्या अशा बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करणे. इंजिन सुरू झाल्यावर वीज तयार करतो तो अल्टरनेटर. चुंबकाच्या मदतीने वीज निर्माण करता येते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवले. अल्टरनेटर त्याच तत्त्वावर चालतो. इंजिन त्याला पट्ट्याने फिरवते. तो दिव्यांना वीज पुरवतो आणि बॅटरीही भरतो.

आता तपासणी पाहू. मामूंनी इंजिन बंद करून बॅटरीला मीटर लावला. काटा १२ च्याही खाली होता. म्हणजे बॅटरी रिकामी होत आली होती. मग इंजिन चालू केले. आता काटा १४ च्या आसपास जायला हवा होता. तो जागचा हलला नाही. पट्टा ढिला होऊन घसरत होता. त्यामुळे अल्टरनेटर नीट फिरत नव्हता. दिवे बॅटरीतलीच वीज खात होते. जमा काहीच नाही आणि खर्च मात्र चालू! इंजिन बंद करून मामूंनी पट्टा ताणून बसवला. इंजिन पुन्हा चालू करताच काटा १४ वर गेला.

तरीही डावा दिवा मंदच होता. मामूंनी त्या दिव्यापाशी मीटर लावला. तेथे १२ च व्होल्ट मिळाले. वाटेत २ व्होल्ट कोठे गेले? जायकवाडीच्या कालव्याला भरपूर पाणी असते; पण शेताकडे येणाऱ्या चारीत गाळ साचला, तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही. तारेच्या जोडावर गंज चढला की तसेच होते. दिव्यातून जाणारी वीज पत्र्यामार्गे बॅटरीकडे परत येते. तो अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. मामूंनी एक वेगळी तार दिव्यापासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवली. दिवा लख्ख उजळला. दोष सापडला! स्क्रू काढून पत्रा घासला व पुन्हा घट्ट बसवला.

थोडे व्होल्ट कमी झाले तर काय बिघडते, असे वाटेल. पण हॅलोजन दिव्याचे व्होल्टेज दहा टक्के घटले, तर प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. भाऊ म्हणाला, "मामू, मोठ्या वॉटचे बल्बच टाका ना!" मामू हसले. "दोष तसाच राहील आणि जास्त विजेने तारा तापून जळतील," ते म्हणाले. फ्यूजच्या जागी साधी तार लावणेही असेच धोक्याचे आहे.

शेवटी मामूंनी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, टोके कोरडी केली आणि जोड घट्ट करून व्हॅसलीन लावले. हे काम करताना ऋण टोकाची तार आधी काढावी आणि शेवटी लावावी. बॅटरीजवळ काडी किंवा बिडी पेटवू नये. कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो पेट घेतो. आम्लापासून डोळे व हात जपावेत. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये.

त्या बैलगाडीला मागे दिवा नव्हता. गाडीवान आमच्याच दिव्यांच्या भरवशावर रस्त्यावर होता. आपल्या गाडीचे दिवे फक्त आपल्यासाठी नसतात, हे त्या रात्री कळले. आता भाऊ रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी जीप भिंतीसमोर उभी करतो आणि दिवे लावून पाहतो. दोन्ही दिव्यांचा प्रकाश सारखा पडला, तरच जीप रस्त्यावर येते. तुमच्या घरी मोटार, टेम्पो किंवा रिक्षा असेल, तर आज संध्याकाळी तुम्हीही पाहा.