एक लाखाचा चरखा

1929 साली अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं, एक लाख रुपयांचं. अटी वाचताना त्या एखाद्या गिरणीतल्या इंजिनिअरने घातल्या असाव्यात असं वाटतं. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालेल असं हलकं हवं आणि हातानं किंवा पायानं चालायला हवं. बाईला ते आठ तास फारसं न दमता चालवता आलं पाहिजे. तेवढ्या वेळात 16,000 फूट सूत निघालं पाहिजे. किंमत 150 रुपयांच्या आत आणि आयुष्य 20 वर्षं. स्पर्धा साऱ्या जगाला खुली होती.

या खटाटोपामागे होते महात्मा गांधी. त्याआधी बरोबर 20 वर्षांपूर्वी, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं होतं आणि त्यात यंत्राला सरळ पापाच्या पंगतीत बसवलं होतं. तोच माणूस आता यंत्रावर लाख रुपये लावायला निघाला होता. याला कोणी कोलांटउडी म्हणेल. मला त्यातला मधला प्रवास जास्त मोलाचा वाटतो.

‘हिंद स्वराज्य’ लिहिलं तेव्हा गांधींना चरखा आणि माग यांतला फरकही धड ठाऊक नव्हता. आपण त्या वेळी दोन्ही पाहिल्याचं आठवत नाही, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. त्यामुळे अहमदाबादच्या आश्रमात काम सुरू झालं ते मागापासून, आणि मागावर चढायचं ते गिरणीचं सूत. थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की आपण गिरण्यांचे बिनपगारी दलाल झालो आहोत! मग सूत स्वतः काढायचं ठरलं. पण चरखा आणायचा कुठून? गंगाबेन मजमुदार यांनी बराच शोध घेतला, तेव्हा बडोदे संस्थानातल्या विजापूरला तो सापडला. लोकांनी माळ्यावर टाकून दिला होता. ज्या वस्तूभोवती पुढे सारं तत्त्वज्ञान उभं राहिलं, ती अशी शोधून आणावी लागली होती.

हात कामाला लागले तशी मतं हलू लागली. 1924 साली एका तरुणाने गांधींना विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का? उत्तरात त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली. बायकोचे शिवता शिवता होणारे हाल पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र केलं, असं ते म्हणाले. (सिंगरचं खासगी चरित्र पाहता ही गोष्ट जरा जास्तच गोड आहे.) तरुण काही सोडणारा नव्हता. शिवणयंत्र हवं, तर ते बनवणारा कारखाना लागणार, आणि कारखान्यात मोठी यंत्रं लागणार. गांधींनी तेही मान्य केलं. फक्त असे कारखाने देशाच्या मालकीचे असावेत, म्हणाले.

त्याआधी 1921 मध्ये मात्र त्यांनी लिहिलं होतं, की ‘हिंद स्वराज्य’मधला एकच शब्द आपण मागे घेऊ. कागदावर माणूस हटून बसतो आणि कामात पुढे सरकतो, हे आपल्याही ओळखीचं आहे. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी पेटीत मिटवता येणारा चरखा घडवत नेला. 1932 मध्ये तिथेच कोपर दुखायला लागलं, तेव्हा पायाने चालणारा मगन चरखा जवळ केला. लाखाच्या बक्षिसासाठी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही यंत्र तयार केलं. ज्यांनी शेतकऱ्याला लोखंडी नांगर दिला, त्यांनी चरख्याला हात घालावा हे साहजिकच होतं. पण सगळ्या अटी एकत्र बसल्या नाहीत आणि बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

1933 मध्ये ‘हरिजन’मध्ये गांधींनी स्पष्टच लिहिलं, की माझ्या दोन विधानांत विसंगती दिसली तर नंतरचं विधान धरा. सोय मोठी आहे. पण सगळ्या बाबतीत ते सारख्याच वेगाने बदलले असं नाही. बापाचा धंदा मुलाने करावा, या वर्णव्यवस्थेतल्या कल्पनेला ते बराच काळ धरून राहिले. 1936 मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिच्या वर्मावर बोट ठेवलं. जात ही नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्यांची विभागणी आहे. पुढे त्यांनी हेही विचारलं, की गांधी जन्माने वाणी, पण त्यांनी तागडी कधी हाती धरली नाही; मुलाने बापाचा धंदा करावा हा नियम त्यांनी स्वतः कुठे पाळला? यावर सरळ उत्तर देणं कठीण होतं. 1945 मध्ये ‘वर्णव्यवस्था’ या गुजराती पुस्तकाच्या नव्या प्रस्तावनेत गांधींनी लिहिलं, की आज एकच वर्ण उरला आहे, शूद्राचा. पण तोवर फार वेळ गेला होता.

हा फरक का पडावा? हाताने काम केल्याने मत बदलतं म्हणावं, तर संडाससफाई गांधींनी स्वतः केली होती, आणि मनापासून केली होती. पण आपण होऊन उचललेली टोपली कधीही खाली ठेवता येते. जन्माने डोक्यावर आलेली टोपली तशी उतरत नाही. काम करून पाहणं वेगळं आणि त्या कामावर पोट भरणं वेगळं.

खादीच्या बाबतीत ही दुसरी परीक्षा अखेर झाली, ती वर्ध्याजवळ. 1935 मध्ये नालवाडीला विनोबांनी, कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यावरच जगून पाहण्याचा प्रयोग मांडला. तोवर खादी स्वस्त व्हावी, म्हणजे लोक घेतील, असा सगळ्यांचा हिशेब होता, आणि स्वस्ताईचा भार शेवटी कातणाऱ्या बाईच्याच पदरात पडत होता. त्याच वर्षी गांधींनी हिशेब उलटा केला. आधी मजुरी ठरवायची, खादीची किंमत त्यावरून निघेल. खादी महागणार, गिऱ्हाईक तुटणार, अशी चिंता कार्यकर्त्यांना होती आणि ती काही खोटी नव्हती. तरी ऑक्टोबरमध्ये चरखा संघाने ठराव केला. आठ तास नीट काम करणाऱ्या कातणारीला शास्त्रीय मोजमापाने ठरवलेलं किमान अन्न मिळेल आणि वर्षाला 20 वार कापड घेता येईल, एवढी मजुरी द्यायची.

16,000 फूट सुताची अट घालताना तिच्या अंगावरच्या कापडाचा आकडा कोणी मांडला नव्हता.