चड्डी खराब करणारे मूल आळशी नसते

‘डॉक्टर, पाच वर्षांचा झाला, तरी दिवसातून चार वेळा चड्डी खराब करतो. मारूनही ऐकत नाही. जुलाब थांबायचं औषध द्या,’ असे सांगत अनेक आया दवाखान्यात येतात. पोट तपासले की डावीकडे कडक मळाचे गोळे हाताला लागतात. हा जुलाब नसतो, जुना मलावरोध असतो.

एकदा कडक शौचाने गुदद्वाराला चीर पडते. दुखते म्हणून मूल पुढच्या वेळी शौच रोखते. पाय आवळून उभे राहते, दाराआड लपते. घरच्यांना वाटते ते कुंथते आहे. प्रत्यक्षात ते रोखत असते. साचलेल्या मळातील पाणी आतडे शोषून घेते, मळ आणखी कडक होतो. गुदाशय ताणला जाऊन शौचाची जाणीव कमी होते आणि कडक मळाच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपतो. यात मुलाचा दोष नाही. जुलाब थांबवण्याच्या औषधाने तर त्रास वाढतोच.

प्रथम डॉक्टरांच्या सल्ल्याने साचलेला मळ मोकळा करावा. नंतर लॅक्टुलोजसारखे मळ मऊ ठेवणारे औषध काही महिने द्यावे लागते. ‘सवय लागेल’ या भीतीने ते मधेच बंद करू नये. साबणाची बत्ती, एरंडेल असे घरगुती प्रयोग टाळावेत. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे. भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू, पपई आणि पुरेसे पाणी द्यावे. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. तेव्हा ५ ते १० मिनिटे शौचास बसवावे. कमोड असल्यास पायांखाली पाट द्यावा. शाळेतील संडास घाण म्हणून मूल दिवसभर रोखते का, हेही विचारावे.

मोठ्यांनी ‘रोज पोट साफ झालेच पाहिजे’ हा हट्ट सोडावा. दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा, विनात्रास शौचास होणे स्वाभाविक आहे. लोहाच्या गोळ्या, कोडीनयुक्त औषधे, थायरॉइडची कमतरता यांमुळेही मलावरोध होतो. वर्षानुवर्षे रात्री चूर्ण घेण्याआधी कारण शोधावे. इसबगोल घेतल्यास भरपूर पाणी प्यावे.

पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली, रक्त पडले किंवा वजन घटले, तर मूळव्याध समजून गप्प बसू नये. नवजात बाळाला ४८ तासांत शी झाली नाही, किंवा कोणत्याही वयात पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.