टेडीचे डोळे कुठे मिळतात हो?

लोकर मिळते, क्रोशाची सुई मिळते, आत भरायला कापूस मिळतो. ससा विणून होतो, कान जोडून होतात, आणि मग गाडी अडते ती डोळ्यांपाशी! सध्या आमच्या हॉस्टेलवर क्रोशाची लाट आली आहे. सबमिशनच्या रात्रीसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या उशीशेजारी अर्धवट हत्ती नाहीतर आंधळं अस्वल पडलेलं असतं. "डोळे कुठे मिळतात गं?" हे इतक्या जणींनी (आणि मुलांच्या हॉस्टेलमधल्या दोघांनी!) विचारलं, की म्हटलं एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकावं.

पण मित्रमैत्रिणींनो, "कुठे" च्या आधी एक प्रश्न येतो. हे खेळणं जाणार कुणाच्या हातात? ते स्वतःच्या टेबलावर बसणार, मैत्रिणीच्या सॅकला लटकणार, की भाचीच्या बारशाला जाणार? याचं उत्तर ठरलं, की कोणते डोळे घ्यायचे आणि कुठून, हे आपोआप ठरतं.

थोडा इतिहास

क्रोशा आपल्याकडे नवा नाही. आपल्या आज्यांनी ताटावरचे रुमाल विणले, दारावरची तोरणं विणली, पुढे टीव्हीची कव्हरंसुद्धा विणली. मात्र रुमालाला काही डोळे लागत नाहीत! गोल गोल विणून, आत कापूस भरून प्राणी करायची पद्धत आपण घेतली ती जपानी अमिगुरुमीवरून. 'अमी' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरलेली बाहुली. आपल्या जुन्या चिंध्यांच्या बाहुलीचे डोळे काळ्या दोऱ्याने शिवलेले असायचे. तिकडे १९०२ च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत टेडी बेअर जन्माला आला, त्याला सुरुवातीला बुटांची काळी बटणं लावत. नंतर काचेचे डोळे आले. १९४८ मध्ये वेल्समधल्या वेंडी बोस्टन या खेळणी करणाऱ्या बाईंनी मागून स्क्रूने घट्ट बसणारा डोळा काढला. का? कारण बटण तुटतं, काच फुटते, आणि लहान मूल दोन्ही तोंडात घालतं.

सेफ्टी आय म्हणजे काय?

आज ज्याला सगळे 'सेफ्टी आय' म्हणतात, तो दोन भागांचा असतो. पुढे प्लॅस्टिकचा चकचकीत घुमट, त्याच्यामागे खाचा असलेली दांडी. दांडी विणीतून आत घालायची आणि आतल्या बाजूने वायसर दाबायचा. वायसरचं भोक दांडीपेक्षा किंचित लहान असतं. त्यामुळे तो एकेक खाच ओलांडत पुढे जातो, पण मागे येत नाही. वर्कशॉपमध्ये पुश नट पाहिला असेल, तर हे त्याचंच भावंडं! ओढ बसली की ती दांडीवरून वायसरवर आणि वायसरवरून विणीवर पसरते.

उल्हासनगरात हेच तत्त्व जीन्सवर रोज वापरलं जातं. जीन्सचं पितळी बटण दोऱ्याने शिवलेलं नसतं. मागून एक खिळा येतो आणि दाबाने पुढच्या भागात कायमचा बसतो. फरक इतकाच, की जीन्सचं कापड डेनिम आहे आणि आपली वीण म्हणजे भोकांची जाळी. डोळा कितीही मजबूत असला तरी विणीचं भोक ताणलं गेलं, तर वायसरसकट सगळं बाहेर येऊ शकतं. म्हणून विणायला बारीक सुई घ्या (मी २.५ मिलिमीटरची वापरते), टाका मुका खांबाचा ठेवा, म्हणजे सगळ्यांत ठेंगणा आणि घट्ट. वीण आणि वायसर यांच्यामध्ये फेल्टची एक गोल चकती घाला.

मग मिळतात कुठे?

बदलापूर किंवा अंबरनाथहून लोकल पकडली, की अंबरनाथच्या पुढचं स्टेशन उल्हासनगर. कॅम्प २ च्या गजानन मार्केटला कपड्यांसाठी आपण जातोच. कॅम्प ५ ची ओळख जीन्सची. जिथे शिवणकाम मोठं, तिथे बटण, चेन, लेस विकणारी दुकानं असतातच. चौकशी तिथूनच सुरू करा. दुकानात जाऊन "सेफ्टी आय" म्हटलं, तर बऱ्याचदा कोरा चेहरा समोर येतो. "टेडीचे डोळे, मागे वायसर लागतो ते" असं सांगा, आणि शक्यतो एक विणलेलं डोकं सोबत न्या. तिथे जमलं नाही तर सरळ मुंबई गाठा. क्रॉफर्ड मार्केटशेजारची अब्दुल रहमान स्ट्रीट किंवा मण्या-लेसांचं भुलेश्वर. ऑनलाइन तर मिळतातच, पण तिथे एक जोडी हातात घेऊन ओढून बघता येत नाही.

मोजमाप मिलिमीटरमध्ये असतं. किचेनला ६, तळहाताएवढ्या प्राण्याला ८ ते १०, मोठ्या अस्वलाला १२ किंवा जास्त. एकदम पाकीट न घेता आधी एकच जोडी घ्या, वायसर बसवा आणि जोर लावून ओढा. सहज निघाला तर ते पाकीट दुकानातच राहू द्या.

हलणारे चिकटवायचे डोळे मात्र ग्रीटिंग कार्डासाठी ठीक. लोकरीवर गोंद फार काळ टिकत नाही. पूजासाहित्याच्या दुकानात देवाचे चांदीचे डोळेही मिळतात, दिसायला फारच सुरेख! पण ते मेणाने बसवतात. देवाचे डोळे कुणी ओढत नाही, म्हणून तिथे मेण पुरतं.

बारशाचा ससा

आता मुद्द्याचं. हॉस्टेलवर विणलेली बरीच खेळणी शेवटी लहान मुलांकडेच जातात. भाचीला, चुलत बहिणीच्या बाळाला, मेसच्या मावशींच्या नातवाला. बाळाची श्वासनलिका साधारण त्याच्या करंगळीएवढी असते. तिथे ८ मिलिमीटरचा घुमट अडकला तर काय होईल, हे सांगायला नको.

खेळण्यांच्या मानकांमध्ये यासाठी एक छोटं नळकांडं ठरवून दिलं आहे. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरपा, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. (ड्रॉइंगच्या शीटवर हे काढायला मजा येईल!) जी वस्तू न दाबता यात पूर्ण मावते, तो 'लहान भाग' आणि ३ वर्षांखालच्या मुलासाठी धोका. आपला प्रत्येक डोळा यात आरामात मावतो. म्हणजे प्रश्न एकच उरतो, की तो निघेल का?

युरोपच्या ईएन ७१ मानकात याची ओढ-परीक्षा आहे. भाग ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर ९० न्यूटन, नसेल तर ५० न्यूटन. जोर ५ सेकंदांत हळूहळू वाढवायचा आणि १० सेकंद धरून ठेवायचा. ९० न्यूटन म्हणजे बादलीसकट साधारण ९.२ किलो पाणी. ही परीक्षा हॉस्टेलच्या बाथरूममध्येही होते! तसाच विणीचा एक तुकडा करा, त्यात डोळा बसवा, घुमटाच्या मागे दांडीला नायलॉनची दोरी बांधा आणि बादली अलगद उचला. तुकडा वेगळा विणायचा, कारण अशी ओढ सोसलेलं खेळणं कुणाला देऊ नये.

पण हे नीट लक्षात घ्या. बादली उचलली गेली म्हणून तो डोळा बाळासाठी सुरक्षित ठरत नाही. बाळ चावतं, पिळतं, लाळेने भिजवतं, आई खेळणं पुन्हा पुन्हा धुते, आणि प्रत्येक वेळी वीण थोडी सैल होते. म्हणून ३ वर्षांखालच्या मुलासाठी नियम साधा आहे. बटण नाही, मणी नाही, सेफ्टी आयसुद्धा नाही. डोळे फक्त दोऱ्याने भरायचे.

दोऱ्याचे डोळे

हे दुय्यम काम समजू नका. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे वेगळंच कौशल्य मानतात, आणि ती शेवटी शेवटी सराईत हातानेच होते. आखणी चुकली तर बाकी सगळं रंगकाम वाया. आपल्याला त्यामानाने बरं आहे, टाका उसवता येतो! काळ्या भरतकामाच्या दोऱ्याची एक लड, भरीव टाक्याने एक छोटा गोल, आणि वर एका कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा एकच टाका. त्या एका टाक्याने नजर जिवंत होते. टोकं आत खोल ओढून घट्ट गाठ मारा. मात्र हे काम डोकं बंद करण्याआधी करा.

जागा अंदाजाने ठरवू नका, मोजा. समजा डोकं वरून विणायला घेतलं. ६ टाक्यांनी सुरुवात, प्रत्येक फेरीत ६ वाढवले, सहाव्या फेरीला झाले ३६. पुढे बाराव्या फेरीपर्यंत तेवढेच ठेवले, मग कमी करत सतराव्या फेरीत पुन्हा ६. मध्य येतो नवव्या फेरीवर. आता ३६ टाके म्हणजे ३६० अंश, एक टाका १० अंशांचा! दोन डोळ्यांत ७ टाके सोडले की सुमारे ७० अंशांचं अंतर. डोळे दहाव्या-अकराव्या फेरीच्या मध्ये, म्हणजे मध्याच्या जरा खाली बसवा. कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं, की मोठं कपाळ आणि चेहऱ्यावर खाली असलेले मोठे डोळे पाहिले की आपल्याला बाळ आठवतं आणि माया वाटते. ससा गोड दिसण्याचं गणित हे असं आहे. सेफ्टी आय लावणार असाल तर आधी वायसरशिवाय घालून, थोडा कापूस भरून, लांबून बघा. वायसर बसला की दांडी कापल्याशिवाय सुटका नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी

"एलईडीचे डोळे लावूया का?" असं कुणीतरी विचारणारच. टेबलावरच्या शोपीसला जरूर लावा. मुलांच्या खेळण्यात नको. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा गंभीर इजा करतो.

फेस्टमध्ये स्टॉल लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली गेली. नोंदणी नसलेल्या आपल्यासारख्यांना ती लागू होत नाही. म्हणून स्टॉल लावण्याआधी सरांशी बोलून नियम नीट बघून घ्या.

तर मंडळी, सॅकला लटकणाऱ्या अस्वलासाठी खुशाल उल्हासनगरची लोकल पकडा. पण ससा पाळण्यात जाणार असेल, तर लोकलचं तिकीट वाचवा आणि जवळच्या दुकानातून काळ्या दोऱ्याची एक लड आणा. सुई नसेल तर आमच्या रूमवर या, दोन-तीन जास्तीच्या आहेत!