पोटातल्या बागेचं कलम

वरूड-शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत संत्र्याचं कलम बांधताना पाहिलंय ना? जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा मात्र निरोगी झाडाचाच हवा. रोगट झाडाचा घेतला, तर रोगही कलमात येतो. डॉक्टरही असंच एक कलम करतात, माणसाच्या आतड्यात! आणि त्यासाठी वापरतात चक्क दुसऱ्याची शी! नाक मुरडू नका, आधी ऐका तर खरं.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. त्यातले बहुतेक आपले सोबतीच. घातक जंतूंना ते तिथे पाय रोवू देत नाहीत. पण अँटिबायोटिक औषधं रोगजंतूंबरोबर या सोबत्यांनाही मारतात. मग मोकळ्या वावरात तण माजावं, तसा कधीकधी 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल' हा जंतू माजतो. त्याच्या विषानं आतडं सुजतं, जुलाब थांबत नाहीत, जीवही जाऊ शकतो. औषधानं बरं वाटलं, तरी काहींना हा आजार पुन्हा पुन्हा गाठतो.

1958 साली अमेरिकेतल्या डेन्व्हरचे डॉ. बेन आयझमन यांनी आतड्याच्या अशाच जीवघेण्या सुजेच्या चार रुग्णांना निरोगी माणसाची विष्ठा एनिमातून दिली. चौघेही बरे झाले! पुढे 2013 साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी विष्ठेचं द्रावण नळीवाटे 16 रुग्णांच्या आतड्यात सोडलं. 13 जण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसतं औषध घेतलेल्या 13 जणांपैकी मात्र चारच बरे झाले. 2023 साली तर अमेरिकेत अशा जीवाणूंच्या कॅप्सूललाही परवानगी मिळाली.

मग घरातल्याच कुणाची विष्ठा चालेल का? तपासल्याशिवाय नाही! पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या शास्त्रज्ञांनी दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या तपासल्या. 2012 साली त्यांनी दाखवलं, की एकाच घरात राहूनही वयाप्रमाणे पोटातले जीवाणू बदलतात. शिवाय न दिसणारा धोका असतोच. औषधांना दाद न देणारे जंतू विष्ठेतून आल्यामुळे अमेरिकेत एक रुग्ण दगावल्याचं 2019 साली जाहीर झालं. म्हणून दात्याचं रक्त आणि विष्ठा कसून तपासतात. घरी करून पाहायचा हा प्रयोग नव्हे, बरं का!

आणि आईबाबांनो, साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. डॉक्टरांनी दिलं, तर ते सांगतील तसंच आणि तेवढे दिवस द्या. पोटातली बाग नव्यानं लावण्यापेक्षा ती राखणं केव्हाही सोपं!