परदेशी फोन : दर कमी, संवाद पुरेसा

जबलपूर आणि दूरसंचार यांचे नाते जुने आहे; १९४२ पासून येथे दूरसंचार प्रशिक्षण केंद्र आहे. तरीही परदेशी गेलेल्या मुलांशी बोलताना येथील मराठी आईवडिलांचे लक्ष दीर्घकाळ घड्याळाकडेच असे. आयएसडी बूथवरील यंत्रात आकडे वाढत आणि मनातले बोलणे मनातच राही.

एप्रिल २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉलवरील विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली, इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली आणि दर उतरू लागले. मात्र अनेक देशांत मोबाईलवरील कॉल महागच राहिला. कॉल ग्राहकापर्यंत पोहोचविण्याबद्दल तेथील मोबाईल कंपनी शुल्क घेते आणि ते घरच्या फोनपेक्षा अधिक असते. अमेरिका व कॅनडात हा फरक सहसा नसतो.

दोन्हीकडे इंटरनेट असल्यास व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवेवर वेगळे कॉलशुल्क पडत नाही. खर्च होतो तो डेटाचा. घरी वाय-फाय असल्यास तोही वेगळा जाणवत नाही. इंटरनेट नसेल तेव्हा आयएसडी पॅकचा त्या देशातील मोबाईलसाठीचा प्रतिमिनिट दर आधी पाहावा. तिकडचा दर कमी असेल, तर मुलांनीच फोन करणे हिताचे. अनोळखी परदेशी क्रमांकाच्या मिस्ड कॉलला उलट फोन मात्र करू नये; त्यातून भुर्दंड पडू शकतो.

आठवड्याचा वार व वेळ ठरवून घ्यावी. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार, तर हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, एवढे ध्यानी ठेवले की दोन्ही घरांना निवांत बोलता येते.