मुसीकाठची गवळवाडी

गौलीगुडा म्हणजे गवळ्यांची वाडी. मुसी नदीकाठची ही जुनी वस्ती हैदराबाद शहराने केव्हाच पोटात घेतली. परवाच्या रविवारी एका छोट्या शिष्याला घेऊन तेथे पायी हिंडलो. शेजारच्या बेगमबाजारात मिरची भजी खाल्ली, भांड्यांच्या दुकानात नाद पारखून एक पितळी तांब्या घेतला आणि नदीकडे वळलो.

वाटेत उस्मानिया इस्पितळाच्या आवारातील चिंचेपाशी थांबलो. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात हजारो माणसे गेली. या झाडावर चढलेली सुमारे दीडशे वाचली. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर झाले. पुराचे भय ओसरले आणि शहराने नदीकडे पाठ फिरवली.

काठावर पोराने विचारले, "मास्तर, 2025 साली बसस्थानकात शिरली ती हीच का?" आणि नाकाला रुमाल लावला. त्याला नदी ठाऊक आहे ती पूर म्हणून, नाहीतर दुर्गंधी म्हणून. मी त्याला काय रागावणार? जिच्या काठी गवळ्यांनी गुरे पाळली, तिचे तांब्याभर पाणीही आज घेववत नाही. नवा तांब्या तसाच कोरडा घेऊन परतलो.