बादलीतला हिशेब
घरातली वीज : लेखांक ६

आमच्या न्हाणीघरात पाणी तापवायचा रॉड आहे. गेल्या थंडीत एके सकाळी त्याचा प्लग काढताना बोटांना चटका बसला. निरखून पाहिलं तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. रॉड ठणठणीत, पाणी नेहमीसारखं कढत, एमसीबीही पडलेला नाही. मग प्लग का तापला? मागच्या दोन लेखांत आपण व्होल्ट आणि अँपिअर यांची ओळख करून घेतली. या प्रश्नाचं उत्तर त्या दोन आकड्यांतूनच काढायचं आहे.

वायरमनला बोलावून आधी मापं घेतली. क्लॅम्प मीटरचा चिमटा आख्ख्या केबलभोवती लावला तर मीटर शून्य दाखवतो, कारण एका तारेतून जाणारा करंट दुसरीतून परत येतो आणि दोघांचा परिणाम एकमेकांना खोडतो. म्हणून चिमटा एकट्या फेजच्या तारेवर लावला. करंट निघाला ६.५ अँपिअर. व्होल्टेज होतं २३०.

आता व्होल्टेजला करंटने भागा. २३० भागिले ६.५ म्हणजे सुमारे ३५.४ ओहम, हा रॉडचा रोध. तेच दोन आकडे गुणले तर १४९५ येतात, ही रॉडची शक्ती, वॅटमध्ये. रॉडवर १५०० छापलंय, म्हणजे हिशेब जुळला.

भागाकार आणि गुणाकार एकाच जोडीचे असले तरी दोन उत्तरांचा स्वभाव वेगळा आहे. रोध त्या तारेचा स्वतःचा असतो. तिची लांबी, जाडी, धातू यांवरून तो ठरतो. वॅट मात्र एकट्या रॉडचे नसतात. गावाकडे सकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज १९५ वर येतं. रोध तोच असल्यामुळे करंटही ५.५ पर्यंत उतरतो, आणि गुणाकारातले दोन्ही आकडे घटल्याने शक्ती १०७५ वॅटच्या आसपास येते. व्होल्टेज पंधरा टक्के कमी झालं, पण उष्णता अठ्ठावीस टक्के घटली. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला एरवी साडेसतरा मिनिटं लागतात, तिथे आता चोवीस लागतील. ‘व्होल्टेज कमी, तेवढं बिल कमी’ असं अनेकजण मानतात. ते खरं नाही. पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, म्हणून दोन्ही वेळा साधारण ०.४४ युनिटच पडतं. वाढते ती फक्त आपली ताटकळ.

भागाकाराचा हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेऑर्ग ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होता. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, प्रयोग चालू असतानाच उतरायचा, मोजमाप टिकायचं नाही. त्याने बॅटरीऐवजी बिस्मथ आणि तांब्याचे सांधे वापरले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून त्यातून उपजणारा दाबही स्थिर. या साध्या युक्तीचं मला फार कौतुक वाटतं. त्याचं पुस्तक १८२७ साली आलं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळायला मात्र १८४१ उजाडलं.

त्याच सुमारास मँचेस्टरजवळच्या जेम्स जूलने तारेचं वेटोळं पाण्याच्या बरणीत बुडवून, करंट सोडून, पाणी किती तापतं ते थर्मामीटरने मोजलं. थोडक्यात, आपल्या बादलीतला रॉडच. त्याला आढळलं, की उष्णता रोधाच्या पटीत वाढते आणि करंटच्या वर्गाच्या पटीत. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. वॅट काढायचा हा दुसरा रस्ता: करंट गुणिले करंट गुणिले रोध. प्लगचं कोडं सुटतं ते इथे.

रॉडचा प्लग जाड पिनेचा. तो मी कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या लहान सॉकेटात खुपसला होता, आणि सॉकेटातली पितळी पट्टी सैल पडली होती. समजा, त्या सैल जागी अर्धा ओहम रोध तयार झाला. एकूण रोध ३५.९, म्हणून करंट ६.४. त्याचा वर्ग ४१, त्याच्या निम्मे साडेवीस वॅट. रॉडच्या दीड हजारांपुढे हे काहीच नाही असं वाटेल. पण रॉडची उष्णता पंधरा लिटर पाण्यात पसरते, आणि हे वीस वॅट हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो आणि तो कथील वितळवतो. बोर्डात तसलंच काहीतरी रोज सकाळी पेटत होतं. तापून पट्टी आणखी सैल होते, तिच्यावर काळा थर चढतो, रोध वाढतो. एक ओहम झाला की चाळीस वॅट.

एमसीबी पडला नाही याचं कारणही याच हिशेबात आहे. तो करंट जास्त झाला की पडतो. इथे करंट साडेसहाचा ६.४ झाला, म्हणजे उलट कमीच. सैल सांध्याची आग त्याला दिसत नाही. ती बोटांना कळते, किंवा जळक्या वासाने नाकाला. म्हणून इस्त्री, गिझर, रॉड यांचा प्लग वापरानंतर बटण बंद करून हाताने चाचपत चला. कोमट चालेल, चटका बसला तर तो सॉकेट त्याच दिवशी बदला. आम्ही १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला.

एक सावधगिरी. हा हिशेब ज्यांचा रोध फारसा बदलत नाही अशा तापणाऱ्या तारेच्या वस्तूंना लागू पडतो. ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम असतो, पण थंड बल्ब मल्टिमीटरने मोजा, त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी येईल. आणि विहिरीवरची मोटर तर व्होल्टेज उतरलं की करंट कमी घेण्याऐवजी जास्त ओढू लागते, आणि वाइंडिंग जाळून घेते. ती असं का करते, ते पुढच्या आठवड्यात.